सायलेन्सरला भोक पाडण्याआधी

शेतात असाल तर घटकाभर बांधावर टेका. चुलीपाशी असाल तर हात चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या. आम्ही एका बचत गटाच्या दहा जणी आज तुमच्याशी बोलायला आलोय. माइकपुढे आमच्यातली एकटीच बसलीय, पण काय सांगायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलंय, म्हणून ‘आम्ही’ म्हणतोय.

विषय ऐकून हसू नका. विषय आहे विमानाचा सायलेन्सर. माणसं बसतात त्या विमानाचा नव्हे. खऱ्या विमानासारखं हुबेहूब दिसणारं, पाच फुटी पंखांचं लहान विमान असतं, त्याच्या नाकात मुठीएवढं इंजिन असतं, त्याचा. तुम्ही म्हणाल, बायांना याच्याशी काय करायचंय? आम्हीही तेच म्हणालो होतो. पण त्या मुठीएवढ्या इंजिनानं आम्हाला आमच्याच मशीनची चूक दाखवली, आणि ती चूक आम्हाला दीडशे पेंढ्या कडब्याला पडली होती. म्हणून आधी आमची चूक सांगतो, विमान नंतर.

आमच्या गटाकडे गवत कापायचं पेट्रोलचं मशीन आहे. खांद्याला पट्टा अडकवून चालवतात ते. बांधावरचं गवत, सोयाबीन, गहू, सगळं कापतं. आम्ही ते तासावर भाड्यानं देतो आणि आमच्यातल्या तिघी ते स्वतः चालवतात. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी मशीन दम धरेना. गवत जरा दाट लागलं की आवाज दबायचा आणि पातं थांबायचं. तालुक्याच्या गावी एका गॅरेजवाल्या दादाकडे नेलं. तो म्हणाला, “ताई, सायलेन्सर कोंडलाय. आतली जाळी काढून टाकतो, मागं दोन भोकं पाडतो. धूर मोकळा झाला की बघा कसं पळतंय!” आम्ही म्हणालो, “पाडा.” हे नीट लक्षात ठेवा, ‘पाडा’ असं आम्हीच म्हणालो होतो.

मशीनचा आवाज वाढला. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असं वाटलं. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. शिवाय मशीन इतकं तापायला लागलं की चालवणारीच्या कमरेला धग लागायची आणि संध्याकाळभर कानात घुंई घुंई व्हायचं. आणि मग फाल्गुनात एका दुपारी, आमच्यातल्याच एकीच्या बांधावर वाळलं गवत कापताना, उघड्या सायलेन्सरातून ठिणगी उडाली. गवत पेटलं आणि गवतावरून आग गंजीला लागली. माणसं धावली, निम्मी गंजी वाचली. दीडशे पेंढ्या गेल्या. तिच्या घरी दोन म्हशी आणि कमावणारी ती एकटी. कडब्याचे पैसे आम्ही गटातून भरून दिले. पण सगळा दोष त्या गॅरेजवाल्यावर टाकला आणि मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलं.

आता विमानाकडे येतो.

आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी शहरात शिकते. कॉलेजात तिनं एनसीसीची एअर विंग घेतली. तिथं पोरापोरींना लहान विमानं बनवायला आणि उडवायला शिकवतात. एरोमॉडेलिंग म्हणतात त्याला. पोरीला त्याचं वेड लागलं. तिनं ठरवलं, निवड चाचणीला आपण आपल्या देशाच्या विमानाची प्रतिकृती करायची. कोणतं विमान, तर एचटी-२. आपल्या देशात आराखडा होऊन आपल्याच देशात बनलेलं हे शिकाऊ वैमानिकांचं विमान १९५१ साली पहिल्यांदा उडालं. बंगळूरच्या कारखान्यात ते घडलं आणि आराखड्याचं काम पाहिलं डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी, म्हणजे आपल्याच मराठी माणसानं. खऱ्या विमानाचे पंख साधारण पस्तीस फुटी. पोरीनं सातास एक प्रमाण धरलं, म्हणजे पंख पाच फूट.

त्यासाठी तिची आई गटाकडे आठ हजारांचं कर्ज मागायला आली. बैठकीत बरीच वादावादी झाली. एकजण म्हणाली, “खेळण्याला गटाचे पैसे?” दुसरी म्हणाली, “पोराच्या गाडीला दिले तेव्हा कुणी विचारलं होतं?” शेवटी कर्ज दिलं. दोनच महिन्यांनी ती माऊली बैठकीत खाली मान घालून बसली. पोरीचं इंजिन जाम झालं होतं. विमान अजून हवेत गेलंही नव्हतं.

आम्ही म्हणालो, पोरीला बोलवा. ओरडायला नव्हे, पैसे कशात गेले ते कळायला. ती दिवाळीच्या सुट्टीत आली, इंजिन फडक्यात गुंडाळून घेऊन. सतरंजीवर ठेवलं आणि म्हणाली, “चूक माझी आहे. मी एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या.” मग तिनं आम्हाला समजावून सांगितलं. तेच आता तुम्हाला सांगतो.

हे इंजिन साडेसात सीसीचं. चहाच्या दीड चमच्याएवढी त्याची पोकळी. पण ते मिनिटाला अकरा-बारा हजार फेऱ्या मारतं. बारा हजार धरले तर सेकंदाला दोनशे फेऱ्या झाल्या. आपलं गवताचं मशीन आणि हे इंजिन एकाच जातीचं, टू-स्ट्रोक. यात तेलाची वेगळी टाकी नसते. तेल इंधनातच मिसळायचं. म्हणजे इंधन कमी गेलं की तेलही कमी जातं. ही गोष्ट गाठीला बांधून ठेवा, पुढं लागणार आहे.

टू-स्ट्रोकमध्ये जळका धूर बाहेर जाणं आणि नवी हवा-इंधन आत येणं, ही दोन्ही कामं जवळपास एकाच वेळी चालतात. पोरीनं लग्नाच्या पंगतीचं उदाहरण दिलं. एक पंगत मागच्या दारानं उठतेय आणि दुसरी पुढच्या दारानं आत येतेय. मागचं दार फार अरुंद असेल तर जेवलेले लोक आतच अडकतात, नव्यांना पाट मिळत नाही. मागचं दार सताड उघडं टाकलं तर नवे आलेले काहीजण न जेवताच मागून निघून जातात. अन्न वाया, यजमान थकलेला. सायलेन्सर म्हणजे ते मागचं दार. नुसता आवाज दाबायचा डबा नव्हे. दार किती उघडं असावं हे कारखान्यात इंजिन बघून ठरवलेलं असतं.

हे ऐकताच आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आम्ही तर दाराच्या जोडीला भिंतीलाही दोन भोकं पाडली होती.

पण पोरीला सायलेन्सर बदलावा का लागला? कारण दिसण्याचा प्रश्न होता. अशा इंजिनाबरोबर येणारा सायलेन्सर म्हणजे बाजूला लटकणारा ॲल्युमिनियमचा जाडजूड डबा. नुसतं उडवायच्या विमानाला चालतो. पण प्रतिकृती म्हटली की खऱ्या विमानासारखं दिसलं पाहिजे. खऱ्याच्या नाकाला असा डबा लटकत नाही. नवरीच्या नथीशेजारी कुलूप लावल्यासारखं दिसतं ते. म्हणून प्रतिकृती करणारे लोक सायलेन्सर नाकाच्या टोपणाच्या आत लपवतात आणि खालून दोन बारीक नळ्या बाहेर काढतात. तयार मिळतो, पण महाग. पोरीनं घरी बनवायचं ठरवलं.

तिची पहिली चूक नळीची. जुन्या सायलेन्सरच्या तोंडाची आतली रुंदी आठ मिलिमीटर होती. तिनं पाच मिलिमीटरची एकच नळी लावली, तीही दोनदा वाकवून. तिला वाटलं, आठाच्या जागी पाच, थोडंच कमी आहे. पण नळीतून किती जातं ते रुंदीवर नाही, रुंदीच्या वर्गावर ठरतं. आठ आठे चौसष्ट आणि पाच पाचे पंचवीस. निम्म्याहून कमी! मैत्रिणींनो, आपल्या पाण्याच्या पाइपालाही हाच हिशेब आहे. एक इंची पाइपाची बरोबरी दोन अर्धा इंची पाइप करत नाहीत, चार लागतात. नळाच्या कामाला कुणी आलं तर हे विचारून बघा.

दुसरी चूक तोटीची. या इंजिनाच्या सायलेन्सरला एक बारीक तोटी असते. तिथून रबरी नळी इंधनाच्या टाकीला जाते. धुराचा थोडासा दाब टाकीवर पडतो आणि इंधन इंजिनाकडे ढकललं जातं. आपल्या पंपाच्या स्टोव्हला हवा भरतो ना, तसंच. पोरीनं नवा डबा केला आणि तोटी ठेवायची विसरली. टाकीवर दाब नाही, म्हणून इंधन कमी गेलं. आणि आत्ताच काय म्हणालो आम्ही? इंधन कमी म्हणजे तेल कमी.

तिसरी चूक हवेची. नाकाच्या टोपणाला तिनं पुढून हवा आत यायला सुंदर गोल भोकं ठेवली, पण बाहेर जायला चिरही पुरेशी ठेवली नाही. तापलेली हवा फुगते, तिला निघायला जास्त जागा लागते. आत यायच्या वाटेच्या दुप्पट-तिप्पट बाहेर जायची वाट ठेवावी, असा या विमानवाल्यांचा ठोकताळा आहे. आपल्याला हे चुलीवरून माहीत आहे. खालून वारा भरपूर आणि वर धुराडं बारीक असलं की घरभर धूर.

या तिन्ही गोष्टी तिनं एका रात्रीत केल्या आणि सकाळी इंजिन जमिनीवर चालवून पाहिलं. इंधनाची सुई जुन्या सायलेन्सरला लावली होती तिथंच ठेवली. चार मिनिटांत इंजिन आपोआप बंद पडलं. पंखा हातानं फिरेना. आतला पिस्टन ओरखडून जाम झाला होता. पुढं ती जे म्हणाली ते आमच्या मनात राहिलंय. “इंजिन जाम झालं याचं दुःख आहेच. पण तिन्हीतल्या कशामुळं किती नुकसान झालं ते मला आता कधीच कळणार नाही. एकेक बदललं असतं तर कळलं असतं.”

बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग जिचा कडबा जळला होता तीच म्हणाली, “आपण तरी काय केलं? मशीन का दम सोडतंय ते न बघता भोकं पाडा म्हणालो.” आणि तिनंच सुचवलं, पोरीला आणखी साडेतीन हजार द्यायचे. पण एका अटीवर. आधी आमच्या मशीनचा सायलेन्सर उघडून दाखवायचा.

पोरीनं मशीन उघडलं. नवा सायलेन्सर आणेपर्यंत जुनाच पाहिला. आत काजळीचा थर, भाकरीच्या तव्याखाली असतो तसा. काजळी का, तर आम्ही तेल अंदाजानं ओतत होतो. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून. मशीनच्या पुस्तकात प्रमाण दिलेलं असतं. पंचवीसास एक लिहिलं असेल तर एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर तेल. पन्नासास एक असेल तर २० मिलिलिटर. आमच्या मशीनला ४० लागत होतं, आम्ही टोपणावर टोपण ओतून त्याच्या दुप्पट घालत होतो. ते तेल नीट जळत नव्हतं आणि जाळीवर चिकटत होतं. जाळी कोंडली म्हणून मशीन दम सोडत होतं. जाळी कशासाठी असते? ठिणगी अडवायला. गॅरेजवाल्यानं ती फेकली, कारण आम्ही सांगितलं. खरा इलाज होता जाळी काढून ब्रशानं साफ करून परत बसवणं. दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य. आता आमच्याकडे औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारं मापाचं झाकण आहे. ते फक्त तेलालाच वापरतो आणि त्यावर खूण केलीय.

पोरीनं विमानाचं काम कसं दुरुस्त केलं तेही सांगतो, कारण तिची पद्धत कुठल्याही मशीनला लागू पडते.

आधी तिनं नवा पिस्टन आणि त्याची नळी बसवून, मूळ सायलेन्सर लावून इंजिन नीट चालवलं. वहीत लिहिलं, मिनिटाला ११,६०० फेऱ्या. ही झाली तिची खूण. पुढं जे काही बदलायचं ते या आकड्याशी ताडून पाहायचं.

मग नवा डबा पत्र्याचा केला. जोडायला काय वापरायचं? कथलाचा साधा डाग उपयोगाचा नाही. तो दोनशे अंशांच्या आसपासच वितळतो आणि इंजिनाचा धूर त्याहून गरम. बाजारातली मळून लावायची लांबीही टिकत नाही. चांदीचा डाग लागतो, सहाशे अंशांच्या वर वितळणारा. तो कोण देतं? आपला सोनार! जोडवी सांधणाऱ्या आमच्या सोनारकाकांनी हातातलं काम बाजूला ठेवून विमानाचा सायलेन्सर सांधून दिला. पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले, “उडालं की सांगा.”

या वेळी नळ्या दोन, सहा-सहा मिलिमीटरच्या. सहा सक छत्तीस आणि दोन्हींचे बहात्तर. चौसष्टापेक्षा थोडं जास्त. तोटी आठवणीनं ठेवली. मग नाकाचं टोपण न लावता इंजिन चालवलं. सुई आधी मोकळी केली, म्हणजे इंधन जरा जास्तच जाऊ दिलं. मग सावकाश आवळत गेली. मागून निळसर धुराची रेघ दिसत राहिली पाहिजे. रेघ दिसतेय म्हणजे तेल पोचतंय. वहीत आकडा आला ११,२००. चारशे फेऱ्या कमी. तिला विचारलं, “मग तोटाच झाला की?” ती म्हणाली, “हो, झाला. दिसण्याची किंमत आहे ती. पण किती किंमत ते मला माहीत आहे.” आम्हाला हे फार पटलं. कर्ज घेताना सुद्धा हेच महत्त्वाचं नाही का?

दुसऱ्या दिवशी टोपण लावलं, बाहेर जायची वाट रुंद केलेली. पुन्हा चालवलं आणि आकडा लिहिला. तिसऱ्या दिवशी विमानाचं नाक वर धरून चालवलं, कारण चढताना इंधन वर ओढावं लागतं. हे करताना विमान दोघांनी मागून धरायचं, फिरत्या पंख्याच्या समोर किंवा रेषेत कुणी उभं राहायचं नाही. एवढासा पंखा बोट तोडून टाकतो.

गावातली पोरं मध्येच आली. त्यांनी विचारलं, “लांब, पोटाला फुगलेली नळी लावली तर जोर वाढतो म्हणतात ते खरं का?” खरं आहे. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीत वॉल्टर काडेन नावाच्या इंजिनियरनं एमझेडच्या मोटारसायकलींवर ही विद्या पुढं नेली. त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर १९६१ साली देश सोडून पळाला आणि ही विद्या जपानच्या सुझुकीकडे गेली. त्यात जादू नाही. विहिरीत हाक मारली की आवाज फिरून येतो, तसाच धुराचा धक्काही नळीतून फिरून येतो. नळी रुंद होते तिथून ओढ परत येते, ती जळका धूर बाहेर खेचते. पुढं नळी अरुंद होते तिथून दाब परत येतो, तो न जेवता निघालेल्या पाहुण्यांना पुन्हा पंगतीत ढकलतो. पण हे सगळं एका फेरीच्या आत, सेकंदाच्या दोनशेव्या हिश्शात घडायला हवं. नळी बोटभर लांब किंवा आखूड झाली तर वेळ चुकते आणि जोर वाढायच्या ऐवजी घटतो. म्हणून मोजून बनवलेली नळी वेगळी आणि छिन्नीनं पाडलेलं भोक वेगळं. मोटारसायकलचा सायलेन्सर फोडणाऱ्या पोरांना आम्ही आता हेच सांगतो. आवाज म्हणजे ताकद नव्हे. वर पोलिसांचा दंड आहेच.

आता तीन गोष्टी सावधगिरीच्या. त्या ऐकल्याशिवाय उठू नका.

पहिली, या लहान विमानाच्या इंधनाची. ते पेट्रोल नसतं. बहुतांश मिथेनॉल, त्यात तेल. ते तेल बऱ्याचदा आपलं एरंडेलच असतं, कारण कडक उष्णतेतही त्याचा ओशटपणा टिकतो. पहिल्या महायुद्धातल्या विमानांतही एरंडेल वापरायचे. जगात एरंडेल सगळ्यात जास्त आपल्याच देशात होतं. पण मिथेनॉल म्हणजे विष. विषारी दारूनं माणसं मरतात, आंधळी होतात, ते याच्यामुळंच. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली, ती याच विषानं. दिसायला पाण्यासारखं, वास दारूसारखा. म्हणून पोरीचा इंधनाचा डबा आम्ही तिच्या घरी ठेवू दिला नाही. कॉलेजच्या युनिटमध्येच कुलपात राहतो. आणि मिथेनॉल पेटलं तर त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, हेही लक्षात असू द्या. आपल्याकडे तणनाशक पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवायची सवय आहे. ती आजच मोडा.

दुसरी, धुराची. पेट्रोल-डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत, गोठ्यात, दार लावलेल्या गिरणीत इंजिन किंवा जनरेटर चालवू नका. डोकं जड झालं, मळमळलं, चक्कर आली की आधी बाहेर मोकळ्यावर या, मग बाकीचं बघा. गिरणीच्या इंजिनाचा धूर पाइपानं बाहेर काढताना पाइप बारीक करू नका, वाकणं कमीत कमी ठेवा. आठ आठे चौसष्ट विसरू नका.

तिसरी, कानांची. आठ तास काम करायचं तर आवाज ८५ डेसिबलच्या आत असावा असं मानतात. गवताचं मशीन त्याच्या वर जातं. मशीन चालू असताना हातभर अंतरावरच्या बाईशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक आहे. कानात घालायचे बोळे औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतात. आमच्या तिघीही आता घालतात. बायकांनी कानात बोळे घातले म्हणून कुणी हसलं तर हसू द्या. सुनेनं मारलेली हाक म्हातारपणी ऐकू आली पाहिजे.

शेवटी विमानाचं काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर पत्रं येतील. माघात निवड चाचणी होती. आमच्यातल्या सहा जणी एसटीनं गेलो. मैदानाच्या कडेला दोरी होती, तिच्या अलीकडे उभ्या राहिलो. पोरीनं आणि तिच्या मैत्रिणीनं इंजिन चालू केलं. टोपणाखालच्या दोन नळ्यांतून निळसर धुराची रेघ निघाली. आम्ही एकदमच म्हणालो, “तेल पोचतंय!” शेजारचे साहेब वळून बघायला लागले. विमान उठलं, मैदानाला फेऱ्या घातल्या, उतरताना एकदा उडी मारली आणि एक चाक वाकलं. पण इंजिन शेवटपर्यंत चाललं.

संघात तिचं नाव राखीव म्हणून लागलं. पहिली आली नाही. तिची आई थोडी हिरमुसली. पोरीनं वही काढून दाखवली, पुढच्या वर्षी काय बदलायचं त्याची यादी. वर पहिली ओळ लिहिली होती, ‘एका वेळी एकच’.

कर्ज चालू आहे, हप्ता महिन्याला पाचशे, आजवर एकही चुकलेला नाही. गवताच्या मशीनला नवा सायलेन्सर आणला, जाळीसकट. दर पंचवीस तासांनी जाळी साफ करायची आणि वहीत तारीख घालायची, हे काम जिचा कडबा जळला तिनं मागून घेतलंय. गॅरेजवाल्या दादाकडेही गेलो होतो. त्याला सांगितलं, चूक तुझी एकट्याची नव्हती. तो म्हणाला, “ताई, गिऱ्हाईक म्हणतं तसं करतो आम्ही.” म्हणून गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे, मैत्रिणींनो.

तुमच्या गटाकडे पंप असेल, फवारणीचं मशीन असेल, गिरणी असेल. येत्या बैठकीत त्याचं पुस्तक काढा. नसेल तर दुकानदाराकडून मागून घ्या. वाचता येणारीनं मोठ्यानं वाचा. तेलाचं प्रमाण कागदावर लिहून मशीनशेजारी भिंतीवर चिकटवा. आणि कुणी म्हणालं, “भोक पाडू का?” तर आधी विचारा, “आत काय अडलंय ते दाखव.”

सोनारकाकांना आम्ही निरोप दिलाय, उडालं म्हणून.